जुना दुधाचा कॅन: ॲल्युमिनियम की स्टील?

सांगली भागात गोठा वाढला, की ४० लिटरचा जुना कॅन शोधणं आलंच. ॲल्युमिनियमचा स्वस्त आणि हलका. भरलेला गाडीवर चढवताना फरक कळतो. पण कपड्याच्या सोड्यानं तो आतून खाल्ला जातो, बारीक खड्डे पडतात. मोबाईलची बॅटरी आत मारा, हात घालून तळाच्या कडेनं नख फिरवा. नख अडकलं तर घेऊच नका. त्या खड्ड्यांत दूध साचतं आणि पुढचं दूध नासवतं. बाहेरून पोचा आलेला एकवेळ चालेल.

स्टीलचा जड, महाग, पण घासायला बिनधास्त. त्याचा सांधा तेवढा बघा: पाणी भरून कोरड्या फरशीवर तासभर ठेवा, गळतो का ते कळेल. झाकणाचं रबर दोन्हींत बदलायचंच. पैसे जमत असतील तर स्टीलच घ्या.