महाविद्यालयाची पाणी तपासणी सेवा : काम चोख, पण एकदाच

नागपुरातील एका महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचा भाग म्हणून गावांतील विहिरींचे पाणी विनाशुल्क तपासून देतो. गेल्या एप्रिलमध्ये काटोल रस्त्यावरील आमच्या गावाने या सेवेचा लाभ घेतला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले असले, तरी पुष्कळदा प्रश्नावली भरून घेणे आणि फलकापुढे छायाचित्र काढणे एवढ्यावरच काम आटोपते. येथे तसे झाले नाही.

सहा विद्यार्थी आले होते. नमुना घेण्याआधी त्यांनी मोटार पाच मिनिटे चालू ठेवायला लावली, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, तीवर विहिरीचा क्रमांक, तारीख व वेळ लिहिली आणि ती बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या पेटीत ठेवली. पाण्याचा जडपणा मात्र त्यांनी आमच्या ओट्यावरच मोजून दाखवला. ब्युरेटमधून थेंब थेंब पडत असताना काचपात्रातील लालसर पाणी शेवटच्या थेंबांना निळे झाले, तेव्हा आमच्या आईने चष्मा सावरून पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितले आणि त्या मुलीने न कंटाळता तेही केले.

बारा दिवसांनी अहवाल घेऊन ते स्वतः आले, ही मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. फ्लोराइड मर्यादेत होते. नायट्रेट मात्र लिटरला ६८ मिलिग्रॅम निघाले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ही मर्यादा ४५ आहे आणि तीत सवलत नाही. आमची लेक तेव्हा दोन महिन्यांचे बाळ घेऊन माहेरी आली होती. हे समजताच त्यांच्या प्राध्यापिकेने तिला जवळ बसवून सांगितले, की बाळाची दुधाची पावडर या पाण्यात कालवू नये, कारण जास्त नायट्रेटमुळे तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. आणि पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. आम्ही तर इतके दिवस उकळलेले पाणी म्हणजे निर्धोक पाणी, असेच समजत होतो. त्यानंतर विद्यार्थ्यांनी विहिरीभोवती फिरून शेणाचा उकिरडा आणि शौचालयाचा शोषखड्डा किती अंतरावर आहे, ते टेपने मोजले. उकिरडा अवघ्या वीस फुटांवर होता.

तक्रार पुढची आहे. पावसाच्या पाण्याबरोबर नायट्रेट जमिनीत झिरपत असल्याने पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी करू, असे त्यांनी सांगितले होते. ऑक्टोबर संपला तरी कोणी आले नाही. मी बाटली भरून स्वतः विभागात गेलो, तेव्हा ती तुकडी उत्तीर्ण होऊन गेली असून नव्या तुकडीला दुसरा विषय दिला आहे, असे उत्तर मिळाले. ज्या शहरात विद्यापीठ १९२३ पासून आहे आणि पाण्यावर संशोधन करणारी नीरी १९५८ पासून काम करते, तेथे मार्गदर्शकांची वाण नाही. विहिरींची नोंदवही एका तुकडीने पुढच्या तुकडीकडे सोपवावी, एवढीच माझी विभागाला कळकळीची विनंती आहे. उकिरडा आम्ही पावसाळ्याआधीच दूर हलवला; त्याने नायट्रेट किती उतरले, हे मात्र अजून कळलेले नाही.