१/३५० की १/७००? ‘ग्राफ श्पे’ दोनदा बांधल्यावर

मॉडेल करायला जहाज ठरलंय, पीईचा (फोटो-एचिंगने कोरलेल्या बारीक पितळी भागांचा) सेटही हेरून ठेवलाय, आणि गाडी अडलीय ती प्रमाणावर, म्हणजे मॉडेल मूळ जहाजाच्या ३५०व्या भागाएवढं करायचं की ७००व्या. मीही तिथेच अडलो होतो. शेवटी दुसऱ्या महायुद्धातली जर्मन युद्धनौका ‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’ दोन्ही प्रमाणांत केली, आधी ७०० आणि मग ३५०. दोन्ही किटं ट्रम्पेटर या एकाच कंपनीची, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी सरळ आहे.

ठाण्यात बसून जर्मन जहाज कशाला, असं बरेच जण विचारतात. १३ डिसेंबर १९३९ला रिव्हर प्लेटच्या लढाईत तिला घेरणाऱ्या तीन क्रूझरांपैकी ‘अकिलिस’ पुढे १९४८मध्ये आपल्या नौदलात ‘दिल्ली’ म्हणून आली. तीस वर्षं तिने आपला झेंडा मिरवला आणि १९७८ला मुंबईतच ती मोडीत निघाली. माझ्यासाठी ही घरचीच गोष्ट आहे.

आधी जागेचं बोलू, कारण नव्वद टक्के लोक ७००कडे वळतात ते त्यासाठीच. मूळ जहाज १८६ मीटरचं. म्हणजे ७००मध्ये साडेसव्वीस सेंटीमीटर आणि ३५०मध्ये त्रेपन्न. पहिलं पुस्तकांच्या कपाटात पुस्तकांपुढे सहज उभं राहतं. दुसऱ्याला स्वतःचा ठोकळा, स्वतःचं अ‍ॅक्रिलिकचं झाकण आणि घरच्यांची परवानगी लागते. शिवाय ७००मध्ये निवड अफाट आहे. १९७१मध्ये शिझुओकाच्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी मिळून वॉटरलाइन मालिका (पाण्याच्या रेषेच्या वरचाच भाग असलेली जहाजं) सुरू केली तेव्हापासून हे प्रमाण रुळलंय. तुमच्या डोक्यात एक जहाज नसून अख्खा ताफा असेल, तर खरं म्हणजे इथेच वाचणं थांबवा आणि ७०० घ्या.

एकच जहाज, पण मनासारखं करायचं असेल तर मात्र पुढचं वाचा.

डेकच्या कडेचं रेलिंग खऱ्या जहाजावर साधारण मीटरभर उंच असतं. ३५०मध्ये ते जेमतेम तीन मिलिमीटर होतं आणि ७००मध्ये दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पितळी पत्रा ०.१ मिलिमीटर जाडीचा धरला, तर ७००च्या हिशेबात त्या रेलिंगची तार सात सेंटीमीटर जाड झाली! डोळ्याला ते लगेच कळत नाही, पण जहाज कुठेतरी जड दिसतं. ३५०मध्ये हाच आकडा निम्मा होतो. शिड्यांचंही तसंच. मोठ्या प्रमाणात एकेक पायरी चिमट्याने आडवी वळवता येते, छोट्यात मी ती शिडी सपाटच चिकटवली. विमान डेकवरून उडवणाऱ्या कॅटापल्टची जाळी दोन्हींत घडी घालून होते, मात्र ७००मध्ये अर्धवट कोरलेली घडीची रेघ शोधायलाच भिंग लागलं.

पण मी बाजू बदलली ती यातल्या कशामुळे नाही. ती पंख्यामुळे.

नौपाड्यातल्या आमच्या घरात एप्रिल-मेच्या दुपारी पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, ते ठाणेकरांना सांगायला नको. ७००चे भाग इतके हलके की पंखा एकवर असला तरी टेबलावरून सरकतात. म्हणून पंखा बंद. मग तळहाताला घाम, चिमट्यावरची पकड सुटते, आणि भाग टिक् करून उडतो. आमच्या जुन्या मोझॅक लाद्यांवर पितळेचा तुकडा दिसत नाही, आणि पितळ असल्यामुळे लोहचुंबक फिरवूनही उपयोग नाही. टॉर्च जमिनीला टेकवून तिरपा झोत टाकायचा आणि काही चमकतंय का ते बघायचं. नाळेजवळच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) रेलिंगच्या एका तुकड्यासाठी मी दोन संध्याकाळी अशा घालवल्या, आणि तो मिळाला नाही. त्या जागी स्प्रूची, म्हणजे किटाचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिची, ताणून केलेली बारीक तार लावली आहे. आजही नजर आधी तिथेच जाते.

३५० करताना मी पंखा एकवर ठेवून बसू शकलो. हा माझ्या घरातला अनुभव आहे. तुमच्या खोलीत एसी असेल आणि त्याचा झोत टेबलावर येत नसेल, तर कदाचित तुम्हाला याचं काहीच वाटणार नाही.

गोंदाचीही गोष्ट याला जोडूनच आहे. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो, त्यामुळे जुलैत तो फार घाईने पकडतो आणि आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी छटा सोडतो. ७००च्या रेलिंगवर ती छटा रेलिंगाएवढीच मोठी दिसते. अ‍ॅसिटोनने काढायला जावं, तर खालचं प्लास्टिक विरघळतं. ३५०मध्ये रेलिंगला पायाशी टेकायला पुरेशी जागा मिळते, म्हणून मी फेविकॉल वापरला. पावसाळ्यात तो वाळायला वेळ लावतो, पण त्या वेळात रेलिंग सरळ करता येतं आणि वाळल्यावर तो दिसत नाही. वक्र भागांसाठी पितळ आधी गॅसच्या आचेवर रंग पालटेपर्यंत धरा. मऊ पडलं की वळवल्यावर परत उसळत नाही.

३५०ची किंमत मोजावी लागते, आणि ती फक्त पैशांत नाही. माझ्या बाबतीत पीईचा सेट जवळजवळ किटाच्या किमतीला गेला. वाकडं गेलेलं रेलिंग सोफ्यावरूनही दिसतं, ७००मध्ये ते झाकून जातं. आणि मोठ्या डेकवर पीई लावलं नाही तर डेक ओकाबोका वाटतो, म्हणजे ‘सध्या नुसतं किट करू, पीई नंतर बघू’ ही पळवाट उरत नाही. रोज अर्धाच तास मिळणाऱ्याला हे काम वर्षभर पुरेल.

तरीही आज कुणी मला विचारलं, तर मी ३५०च सांगेन, निदान पहिल्या पीईच्या जहाजासाठी तरी. हात शिकतो तो जिथे चूक दिसते आणि दुरुस्तही करता येते तिथे. तरी मन होत नसेल, तर आधी ७००च्या रेलिंगचा एकच सुटा पत्रा मागवा. त्यातला बोटभर तुकडा कापा, दुपारी दोन वाजता तुमच्या नेहमीच्या टेबलावर, नेहमीच्या पंख्याखाली वळवून बघा, आणि मगच किटाची ऑर्डर द्या.