खऱ्या केसांची 20 इंची क्लिप-इन वेफ्ट: केस उत्तम, शिवण जपावी लागते

वेफ्ट म्हणजे एका कडेला शिवलेली केसांची पट्टी, क्लिपांनी आपल्या केसांत अडकवायची. ही 100 ग्रॅमची, मशीनवर दुहेरी शिवलेली. पाकिटावर ‘शॅम्पूने धुवा, वाळवा’ एवढीच सूचना आहे, ती पुरेशी नाही.

केस रेमी आहेत, म्हणजे सगळ्यांची मुळं एकाच बाजूला. मुळाकडून टोकाकडे बोटं फिरवली तर गुळगुळीत, उलट फिरवली तर किंचित खरखरीत लागतं. पहिल्या धुण्यानंतर हे जरूर तपासा. हलक्या मालावर सिलिकॉनचा लेप असतो. तो उतरला की गुंता सुटता सुटत नाही.

धुण्याआधी शिवण मुठीत धरून टोकांपासून वर विंचरा. कोमट पाण्यात सल्फेट नसलेला शॅम्पू कालवा, पट्टी उभी धरा आणि वरून खाली हात फिरवा. चोळायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. कंडिशनर मध्यापासून टोकांपर्यंतच लावा. शिवणीत मुरला की केस टाक्यांतून निसटू लागतात. खोबरेल तेलाचंही तेच. टोकांना सीरमचे दोन थेंब पुरतात. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, म्हणून शेवटी फिल्टरच्या पाण्यातून काढा.

खरा दगा देते ती शिवण. केस वाळलेले दिसतात, पण दोऱ्याचे थर आतून ओलेच असतात. तशीच डब्यात ठेवली तर कुबट वास येतो, क्लिपा गंजतात. टॉवेलात दाबून पाणी टिपा, हँगरला लावून रात्रभर सावलीत वाळवा.

क्लिपा मात्र कंपनीने दोन-तीन टाक्यांवरच भागवल्यात. वापरण्याआधी नायलॉनच्या दोऱ्याने पक्क्या करून घ्या.