डिकीतल्या बॅटरीसाठी 35 स्क्वेअरची तांब्याची वेल्डिंग केबल: दोन उन्हाळ्यांनंतर

नानांनी 2001 साली घेतलेली मारुती एस्टीम अजून आमच्या दारात आहे. नाना गेले, पण गाडी मी विकणार नाही. फैजपूर ते भुसावळ माझं रोजचं जाणं-येणं तिच्यावरच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात बॉनेटखाली इंजिनाची धग. लागोपाठ दोन बॅटऱ्या दीड-दीड वर्षात गेल्या. लेड-ॲसिड बॅटरी कायम दहा अंश जास्त गरम राहिली तर तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणून तिसरी बॅटरी डिकीत बसवायची ठरवली. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत ती तिथेच असते.

बॅटरी मागे नेली की पुढे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या स्टार्टर मोटरपर्यंत पाच-साडेपाच मीटर केबल ओढावी लागते. सगळं यश-अपयश त्या केबलवर ठरतं, आणि पहिल्या खेपेला मी तिथेच चुकले.

ऑनलाइन एक '4 गेज' केबलचा संच मागवला. लाल, चकचकीत, बोटाएवढी जाड, पाच मीटर. जवळच्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतली. लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायचं भोकाचं धातूचं टोपण, दाबायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, हातोडीने ठोकून चपटे केले. पहिले आठ दिवस बरे गेले. मग सकाळी गाडी 'घुर्र... घुर्र' करून थांबायला लागली. नवी कोरी बॅटरी, आणि स्टार्टर मेल्यासारखा फिरायचा. गॅरेजवाला म्हणाला, बॅटरीच खराब आली असेल.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या पुस्तकात धाराविद्युतचा धडा आहे, तो दरवर्षी फळ्यावर सोडवते. त्यामुळे मल्टिमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं लांब वायर जोडून स्टार्टरच्या नटावर, आणि भाच्याला चावी फिरवायला सांगितली. काट्याने 1.9 व्होल्ट दाखवले. म्हणजे बारा व्होल्टांतले जवळपास दोन नुसत्या केबलमध्ये आणि सांध्यांत संपत होते. बॅटरीचा काही दोष नव्हता.

शेजारचे आबा भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेत. त्यांनी उरलेला तुकडा हातात घेतला, नुसता तोलला आणि म्हणाले, "भो, हे तांबं नही हाये." मग चाकूने एक तार खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला, खाली पांढरी चकाकी. ती तार त्यांनी आमच्या गॅसच्या ज्योतीत धरली. क्षणात टोक वितळून गोळी झाली. घरातल्या जुन्या वायरची तांब्याची तार तशीच धरली, ती लालभडक झाली पण जागची हलली नाही. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, तांबं 1085 ला. पुस्तकातला आकडा मी असा स्वतःच्या चुलीवर पहिल्यांदा पाहिला.

म्हणजे ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल होती. अशी तार तांब्यापेक्षा साधारण दीडपट रोध देते. वर तारा कमी आणि प्लॅस्टिक जाड. नंतर सगळी केबल काढून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली: 640 ग्रॅम. खरी 4 गेज म्हणजे 21 चौरस मिलिमीटर. पाच मीटरमध्ये नुसतं तांबंच साडेनऊशे ग्रॅम भरायला हवं होतं, प्लॅस्टिक वेगळं. केबल घेताना आधी वजन करा. जाडी फसवते, काटा फसवत नाही.

दुसऱ्या खेपेला आबांना घेऊन जळगावला गेले. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एक जुनं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. वेल्डिंग केबल मागितली तर दुकानदारानेच पहिला प्रश्न विचारला, "ताई, तांब्याची देऊ की ॲल्युमिनियमची?" हे फार महत्त्वाचं आहे. वेल्डिंग केबल म्हणजे तांब्याचीच असं बरेच जण धरून चालतात, पण ॲल्युमिनियमचीही सर्रास मिळते आणि बाहेरून दोन्ही काळ्याच. त्यांनी न सांगता टोक सोलून दाखवलं. आत केसासारख्या बारीक तारा, 35 स्क्वेअरमध्ये, म्हणजे 35 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये, हजाराच्या वर. कव्हरवर आयएसआयची खूण आणि आयएस 9857 हा वेल्डिंग केबलच्या मानकाचा नंबर छापलेला. मीटरला 410 रुपये, वर 18 टक्के जीएसटी.

तिथे घरगुती वायरिंगची 35 स्क्वेअरची पीव्हीसी केबलही होती, थोडी स्वस्त. आबांनी ती नको म्हटलं, आणि बरोबरच म्हटलं. साधं पीव्हीसी 70 अंशांपर्यंतचं. आपल्या उन्हाळ्यात बॉनेटखाली ते टिकणार नाही, कडक होऊन तडे जातील. मी घेतलेल्या वेल्डिंग केबलचं रबर 90 अंशांचं, तेलाला दाद न देणारं, आणि केबल इतकी लवचिक की दाराच्या चौकटीच्या वळणातून दोरीसारखी गेली.

50 घ्यावी की 35? मी 35 घेतली. साडेपाच मीटरला रोध पावणेतीन मिलिओहम येतो. क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजतो तो) माझा स्टार्टर 160 अँपिअर ओढतो, म्हणजे केबलमध्ये संपणारे साधारण 0.43 व्होल्ट. पेट्रोल गाडीला एवढं चालतं. डिझेल असती तर डोळे झाकून 50 घेतली असती. कार्पेटखालून न्यायला 50 अवघडच गेली असती, हेही खरं.

लग त्याच दुकानात दाबून घेतले. कलई केलेले तांब्याचे 35 चे लग, हायड्रॉलिक प्रेसमध्ये षटकोनी दाबलेले, नगाला 30 रुपये. कापण्याआधी त्यांनी केबलला टेप गुंडाळली म्हणून एकही तार विस्कटली नाही. आबांनी लग पायाखाली धरून दोन्ही हातांनी ओढून पाहिला. हलला नाही.

दुकानाबद्दल दोन उण्या गोष्टी. लाल रंगाची केबल नव्हती, दोन्ही टोकांना लाल हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) मी स्वतः घातलं. आणि मोठ्या फ्यूजचा होल्डर नव्हता, तो कार ऑडिओच्या दुकानातून आणावा लागला. फ्यूज कुणीही टाळू नका. डिकीपासून बॉनेटपर्यंत जिवंत केबल पत्र्याला लागून जाते. कुठे घासून बॉडीला टेकली तर हजाराच्या वर अँपिअर वाहतात आणि गाडी पेटते. माझा 200 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर आहे. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेने केबल घासू न देणारं कडं, आणि केबल पेट्रोलच्या पाइपाच्या विरुद्ध बाजूने. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद पेटीत ठेवून पेटीची नळी खालून बाहेर काढली आहे.

मायनसची केबल पुढे न्यायची गरज नाही. डिकीतच बॉडीला जोडली, पण रंग पूर्ण खरवडून, उघड्या पत्र्यावर. उरलेला अर्धा मीटर इंजिन ते बॉडी असा लावला. तिथली जुनी पट्टी हिरवी पडली होती. अनेक जण हेच विसरतात आणि मग नव्या केबलला नावं ठेवतात.

सगळं बसवल्यावर पुन्हा तोच मीटर, तीच जागा, चावीवर तोच भाचा. 0.5 व्होल्ट. लागोपाठ पाच वेळा स्टार्टर मारून आबांनी लगवर हात ठेवला. गार होता. त्यानंतर दोन उन्हाळे गेले. बॅटरी तीच आहे, आणि यंदाच्या मेमध्ये दुपारी दोन वाजता, शाळेच्या मैदानात दिवसभर उन्हात उभी असलेली गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.