योगवर्गाचे वर्षाचे पैसे भरण्यापूर्वी: माझ्या फसवणुकीचा अनुभव

पुण्याच्या पश्चिम भागातील एका योग आणि फिटनेस स्टुडिओने माझी फसवणूक केली. तिचा फटका केवळ पैशांपुरता राहिला नाही. उजव्या मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट भाग) दुखावल्यामुळे मला अनेक महिने खुर्चीवर सलग बसणेही कठीण झाले. फिजिओथेरपीसाठी जाताना तेथे भेटलेल्या आणखी काही जणींनी वेगवेगळ्या ठिकाणांबद्दल जवळपास हेच सांगितले, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

फसवणुकीची सुरुवात ट्रायलच्या वर्गापासूनच होते. त्या दिवशी आम्ही मोजकीच माणसे होतो आणि शिकवणाऱ्या बाई अनुभवी होत्या. त्यांनी प्रत्येकाला जुन्या दुखण्यांबद्दल विचारले, काचबिंदू किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांना डोके खाली जाणारी आसने न करण्यास बजावले आणि माझी कंबर पूर्वी दुखत असे हे कळताच पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकण्याच्या आसनात) गुडघे किंचित वाकवून, बैठकीखाली घडी केलेले ब्लँकेट सरकवून माझ्या तळपायांभोवती पट्टा दिला. साधनांच्या आधाराने योग शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची संस्था १९७५ पासून ज्या शहरात उभी आहे, तेथे पट्टे, विटा (आधारासाठीचे ठोकळे) आणि दोर यांचा असा वापर पाहून कोणाचाही विश्वास बसणे स्वाभाविक आहे. वर्ग संपताच काउन्सेलरने ‘थेरपी बॅच’, ‘आयुषमान्य शिक्षक’ आणि ‘आजच भरलेत तरच सवलत’ असे सांगून वर्षाची नोंदणी करून घेतली.

त्यानंतर त्या बाई आमच्या बॅचला कधीच आल्या नाहीत. मॅटला मॅट लागेल इतकी गर्दी असलेल्या हॉलमध्ये एक तरुण शिकवत असे. पट्टे आणि विटा भिंतीवरच्या कप्प्यात नीट रचून ठेवलेल्या असत, पण त्या घ्यायला कोणी सांगत नसे. हा तरुण त्याच स्टुडिओच्या २०० तासांच्या शिक्षक-प्रशिक्षण वर्गाचा विद्यार्थी होता, हे मला पुढे स्वागतकक्षातील फलकावरच्या छायाचित्रावरून कळले. म्हणजे प्रशिक्षणासाठी त्याने स्टुडिओला पैसे दिले होते, त्याचा सराव आमच्या शरीरांवर चालला होता आणि त्याचेही पैसे आम्हीच भरत होतो.

एके सकाळी पश्चिमोत्तानासनात ‘श्वास सोडा, अजून थोडं’ असे म्हणत त्याने दोन्ही तळव्यांनी माझ्या पाठीवर भार दिला. मी ‘पुरे’ म्हणाले तरी तो लगेच थांबला नाही, आणि बसताना ज्या हाडावर भार येतो त्याच्या लगत सणकन कळ आली. ‘रोज ताण दिला की मोकळे होईल’, असा सल्ला मिळाला. फिजिओथेरपिस्टने नेमके याच्या उलट सांगितले: स्नायू जेथे हाडाला जोडलेला असतो तेथील दुखण्यात खोल ताण दिला की कंडरा हाडावर दाबली जाते आणि दुखणे लांबते, तेथे हळूहळू भार वाढवत बळकटी आणावी लागते. ताण मांडीच्या मध्यावर जाणवला तर एक वेळ ठीक, पण तो सांध्याजवळ किंवा हाडाजवळ जाणवू लागला की आसन तत्काळ सोडावे, मग शिक्षक काहीही म्हणोत.

‘आयुषमान्य’ या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. योग शिकवण्यासाठी आपल्याकडे परवाना सक्तीचा नाही. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत २०१८ मध्ये स्थापन झालेले योग प्रमाणन मंडळ परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते, परंतु ते त्या व्यक्तीला त्या-त्या स्तरासाठी मिळते. त्यामुळे एका शिक्षिकेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने सगळा स्टुडिओ मान्यताप्राप्त ठरत नाही. आपल्या बॅचला रोज जे शिकवणार आहेत त्यांचे नाव, स्तर आणि प्रमाणपत्र क्रमांक मागावा. ट्रायलही पैसे भरणार त्याच वेळेच्या, त्याच शिक्षकांच्या नेहमीच्या वर्गात मागावी. ती नाकारणाऱ्या ठिकाणी एक रुपयाही भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशांचा भाग याहून संतापजनक होता. ‘महिन्याची फी हप्त्याने’ असे सांगून माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी घेण्यात आला. प्रत्यक्षात एका वित्त कंपनीकडून माझ्या नावावर कर्ज काढून वर्षाची संपूर्ण रक्कम स्टुडिओने आधीच उचलली होती. साहजिकच मी जाणे बंद केले तरी हप्ते चालूच राहिले आणि स्टुडिओने ‘पैसे परत मिळणार नाहीत’ या पावतीवरील ओळीकडे बोट दाखवले. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खर्च आणि अटी दाखवणारे पत्रक आधी देणे बंधनकारक आहे, तसेच सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाविना कर्जातून बाहेर पडता येते. मला ते पत्रक मिळालेच नाही. पावतीवर जीएसटीची रक्कम होती, मात्र अक्षरे आणि अंक मिळून १५ चिन्हांच्या जीएसटी क्रमांकाची जागा रिकामी होती.

पावतीवरील त्या एका ओळीने ग्राहकाचा हक्क संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवा दिल्यावर तिचे पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मी प्रथम १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेथे तोडगा न निघाल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही, मात्र ती दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. फिजिओथेरपीची बिले आणि डॉक्टरांचे टिपण मी तक्रारीसोबत जोडले आहे. त्यातला सर्वांत भक्कम पुरावा मात्र काउन्सेलरचा एक व्हॉट्सॲप संदेश आहे: त्यात त्या बाईंचे नाव, ‘थेरपी बॅच’ हे शब्द आणि वर्गातील कमाल संख्या या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असल्यामुळे, ‘असे आम्ही कधी म्हणालोच नाही’ हे स्टुडिओचे म्हणणे तेथे टिकले नाही. निकाल अद्याप लागायचा आहे.