एक ऑफर हातात, दुसरी अडकलेली: मुदत मागायची की होकार देऊन ठेवायचा?

हिंजवडीच्या कंपनीचं पत्र मेलमध्ये येऊन पडलंय आणि त्यांना शुक्रवार संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. मनातली नोकरी मात्र खराडीची आहे, आणि ती मंडळी ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणून आठ दिवस गप्प आहेत. अशा वेळी चहाच्या टपरीवर दोनच सल्ले मिळतात. एक, पहिल्यांकडे सरळ मुदत माग. दोन, होकार देऊन टाक, राजीनामा टाक, नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहेच. तेवढ्यात दुसरी आली तर पहिलीला ‘सॉरी’. दोन्हींत तथ्य आहे. मी दोन्ही करून पाहिलंय आणि माझा कल लपणार नाही, पण दुसऱ्या सल्ल्याला उगीच वाईट म्हणण्यात अर्थ नाही.

निवड करण्याआधी हातातली ऑफर खरी आहे का, ते तपासा. फोनवरचं ‘सिलेक्ट झालात’, लेटर ऑफ इंटेंट (घ्यायचा नुसता इरादा सांगणारं पत्र), पगाराच्या फोडीचं एक्सेल, यांतलं काहीच ऑफर नव्हे. पद, कामाचं ठिकाण, पगाराची पूर्ण फोड, जॉइनिंगची तारीख आणि कंपनीची सही असलेलं पत्र म्हणजे ऑफर. पार्श्वभूमी पडताळणीच्या अधीन राहून, ही ओळ बहुतेक पत्रांत असते, ती धोक्याची नाही. पत्रच आलेलं नसेल तर मुदत मागायचा प्रश्नच नाही. उशीर त्यांच्याकडून होतोय, तुम्ही राजीनामा टाकू नका एवढंच.

अडकलेली ऑफर किती जवळ आहे, हे त्यांच्या गोड बोलण्यावरून कळत नाही. त्यांनी काय मागितलं त्यावरून कळतं. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म १६ आणि सध्याच्या पगारवाढीचं पत्र मागून घेतलं असेल, तर पगार बसवायचं काम सुरू आहे आणि फाइल मंजुरीच्या साखळीत कुठे तरी आहे. इथून पत्र निघायला साधारण आठवडा-दीड आठवडा जातो, तोही मंजुरी देणारा साहेब रजेवर नसेल तर. नुसतंच ‘प्रोफाइलवर चर्चा चालू आहे’ असेल आणि एकही कागद मागितला नसेल, तर तुम्ही बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर आहात. पहिल्याने नकार दिला तर तुमचा फोन वाजणार. अशा आशेवर मुदत मागण्यात अर्थ नाही. पहिली ऑफर घ्या आणि मोकळे व्हा.

आता मुदत मागण्याबद्दल. तीन ते पाच कामाचे दिवस सहज मिळतात. सात मिळवायला कारण लागतं. दहाच्या पुढे गेलात की समोरचा यादीतल्या पुढच्या माणसाला फोन लावतो, तुम्हाला न सांगता. ‘विचार करायला थोडा वेळ हवा’ हे वाक्य सगळ्यांत कमकुवत, कारण त्यात तारीख नाही. पत्र आलं त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी फोन करायचा आणि फोनवर ठरलेलं लगेच मेलवर टाकायचं. मेल इंग्रजीतच जाईल, पण मजकूर साधारण असा: ‘पत्र मिळालं, आभार. काम आणि टीम दोन्ही आवडलं. माझी आणखी एक प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे, तिचा निकाल पुढच्या बुधवारपर्यंत लागेल. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत माझं पक्कं उत्तर तुमच्याकडे असेल.’ दुसऱ्या कंपनीचं नाव सांगायचं नाही, विचारलं तरी. दुसरी प्रक्रिया चालू आहे हे सांगितल्याने काही बिघडत नाही. एचआरने ते गृहीतच धरलेलं असतं.

त्याच तासाभरात दुसरा फोन खराडीला. मुलाखत घेणाऱ्याला नाही, रिक्रूटरला. ‘लेखी ऑफर हातात आहे, गुरुवारी उत्तर द्यायचंय, माझी पहिली पसंती तुम्ही आहात, बुधवारपर्यंत लेखी काही मिळेल का?’ यातला ‘लेखी’ हा शब्द सोडायचा नाही. पहिली पसंती असल्याचं सांगायला लोक कचरतात. पण रिक्रूटरला साहेबाच्या मागे लागायला नेमकं तेच वाक्य लागतं. उमेदवार आला नाही तर त्याचीच मेहनत वाया जाणार असते.

मिळालेले दिवस नुसते वाट बघण्यात घालवू नका. पत्रातले खरे प्रश्न तेव्हाच निघतात: पॅकेजमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरली आहे का, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) किती आणि वर्षातून किती वेळा मिळतं, विम्यात आई-वडील येतात का, प्रोबेशनमध्ये नोटीस किती दिवसांची. एचआरने ‘दोनच दिवस’ म्हणून हात वर केले, तरी या प्रश्नांची लेखी उत्तरं यायला बहुधा तेवढाच वेळ त्यांच्याकडूनच जातो. आणि एका मंगळवारी सकाळी पावणेनऊला कोथरूडहून निघून भूमकर चौकातून हिंजवडीच्या फेज तीनपर्यंत जाऊन या. दुसऱ्या दिवशी वनाजहून मेट्रोने रामवाडी आणि पुढे रिक्षा किंवा पीएमपीने खराडी. पगारातला दीड-दोन हजारांचा फरक रस्त्यात किती उरतो, ते आपोआप कळतं.

मुदतीतला खरा तोटा जॉइनिंगच्या तारखेत आहे, आणि तो आपण विसरतो. १ जूनला राजीनामा दिला आणि तो दिवस धरून नव्वद मोजले, तर शेवटचा दिवस २९ ऑगस्ट. पाच दिवस थांबून ६ जूनला दिला, तर ३ सप्टेंबर. ऑगस्टअखेर माणूस हवाच असलेल्या मॅनेजरला हा नवा महिना खुपतो, आणि एचआरचा विरोध बहुतेकदा त्यावरूनच असतो. त्यामुळे मुदत मागतानाच सांगून टाकायचं, की हे पाच दिवस मी शिल्लक रजेतून किंवा नोटीस बायआउट करून, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे जुन्या कंपनीला देऊन, भरून काढेन. अर्थात तुमच्या सध्याच्या कंपनीत नोटीसमध्ये रजा वळती होते का आणि बायआउट बेसिकवर (मूळ पगारावर) मोजतात की ग्रॉसवर (एकूण पगारावर), हे आधी पाहून ठेवा. दोन्हींतला फरक दुपटीपर्यंत जाऊ शकतो.

ऑफर कन्सल्टन्सीमार्फत आली असेल तर ‘उद्या दुपारी ऑफर रद्द होईल’ हा फोन येणार म्हणजे येणारच. त्यांची फी साधारणपणे तुम्ही रुजू झाल्यावर मिळते, म्हणून घाई त्यांना असते. मुदत कंपनीच्या एचआरकडे थेट मागा, कन्सल्टंटला फक्त कळवा.

आता दुसरा रस्ता. होकार देऊन वाट बघण्यातला मोठा फायदा म्हणजे घड्याळ चालू होतं. खुर्ची पक्की, राजीनामा मंजूर, शेवटचा दिवस ठरलेला. शिवाय नोटीस चालू असलेल्या माणसाला बाजारात भाव जास्त असतो. नोकरी डॉट कॉमवर ‘सर्व्हिंग नोटीस’ आणि शेवटची तारीख टाकली की गप्प पडलेले रिक्रूटर परत बोलू लागतात, कारण तीस दिवसांत येणारा माणूस त्यांना सोयीचा. नव्वद दिवस थांबावं लागेल म्हणून ज्यांनी फोन ठेवला होता, तेच साठाव्या दिवशी स्वतःहून विचारतात. मुदत मागणाऱ्याला हे मिळत नाही, हे मान्य.

कायद्याची भीतीही वाटते तेवढी नाही. रुजू व्हायच्या आधी माघार घेतली तर कंपनी तुम्हाला जबरदस्तीने कामावर आणू शकत नाही. वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट अशा रीतीने अमलात आणत नाही. पत्रात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी १८७२च्या करार कायद्याच्या कलम ७४नुसार वाजवी भरपाईचाच प्रश्न येतो. तो आकडा म्हणजे फक्त वरची मर्यादा. त्या कंपनीच्या नोंदीत तुमच्या नावापुढे शेरा पडतो आणि ते दार बराच काळ बंद राहतं, प्रत्यक्षात होतं ते बहुधा एवढंच.

मग माझं का जमलं नाही? फोनमुळे.

होकार दिल्यावर आठवड्याला एक फोन येतो. माणसं शेवटच्या क्षणी येत नाहीत, हे एचआरला पुरतं ठाऊक आहे आणि किती ऑफर दिल्या, त्यातले किती आले, यावर त्यांचं स्वतःचं मूल्यमापन होतं. म्हणून नव्वद दिवसांत बारा-तेरा वेळा ‘सगळं ठीक ना?’ पहिल्या आठवड्यात राजीनामा मंजूर झाल्याचा मेल पाठवा. तिसऱ्यात शेवटची तारीख पक्की झाली का. पाचव्यात होणाऱ्या मॅनेजरशी अर्ध्या तासाची ओळख; तो प्रोजेक्टचं नाव सांगतो, क्लायंटला तुमचा बायोडेटा दाखवलाय म्हणतो. आठव्यात व्हॉट्सअॅप ग्रुप. दहाव्यात लॅपटॉप पाठवायचा पत्ता. आणि दरवेळी, अगदी सहज, शेवटी: ‘दुसरं काही चालू नाही ना?’

बाकी सगळं जमतं, पण या प्रश्नाला दर आठवड्याला ‘छे छे, काहीच नाही’ म्हणणं जमत नाही. पहिल्यांदा जीभ अडखळते, चौथ्यांदा अडखळत नाही, आणि ते जास्त टोचतं. गेल्या खेपेला काय सांगितलं होतं तेही लक्षात ठेवावं लागतं. अकराव्या आठवड्यात टी-शर्टचा साइज विचारतात. एक्सएल सांगून फोन ठेवायचा आणि पुढच्या मिनिटाला खराडीच्या रिक्रूटरला ‘काही कळलं का?’ म्हणून मेसेज टाकायचा. मुदत मागण्यात एक अवघड फोन असतो, दहा मिनिटांचा. या रस्त्यावर तेच दहा मिनिटांचं अवघडलेपण तेरा हप्त्यांत फेडायचं. कोणाला याचं काही वाटत नसेल तर त्यांच्यासाठी हिशेब वेगळा होईल, नाही असं नाही. पण पुण्यातली आयटी म्हणजे बाणेर, बालेवाडी, हिंजवडी, खराडी एवढीच वर्तुळं. ज्या मॅनेजरने तुम्हाला क्लायंटपुढे ठेवलं होतं, तो तीन वर्षांनी भलत्याच कंपनीत मुलाखतीच्या पलीकडच्या बाजूला बसलेला दिसतो.

माघार घ्यायचीच असेल तर रुजू होण्याआधी घ्या. एकदा आत गेलात की गुंता वाढतो. तुमच्या यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर) पीएफचा भरणा झाला की पंधरा दिवसांची नोकरीसुद्धा पासबुकात दिसते, आणि पुढची कंपनी पडताळणीत ते पासबुक पाहते. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही तर ती पोर्टलवर स्वतःला भरता येते, पण शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने थांबावं लागतं. नव्या ठिकाणी तेवढे दिवस स्पष्टीकरण देत बसा.

जॉइनिंग बोनस घेतला असेल तर आणखी एक खाच आहे. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये एक लाखाच्या बोनसवर चार टक्के सेससह ३१,२०० रुपये कर कापला जातो, हातात ६८,८०० येतात. वर्षाच्या आत सोडलं तर अनेक पत्रांत वसुली मात्र पूर्ण एक लाखाची लिहिलेली असते. ‘ग्रॉस’ (कर कापण्याआधीची रक्कम) हा शब्द त्या कलमात आहे का, ते सही करण्याआधी पाहा. नोटीस बायआउटचे पैसे नव्या कंपनीने भरले असतील तर त्यांनाही बहुधा हेच कलम लागतं.

काही जणांनी मात्र बेधडक दुसरा रस्ता धरावा. नोकरी गेलेली असेल, कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपत असेल किंवा नोटीसचे शेवटचे पंधरा दिवस उरले असतील, तर मुदत मागायची चैन परवडत नाही. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत आठवड्याभरात हजर व्हा म्हणतात, तिथेही हीच गत. कॅम्पसमधून निवड झालेल्यांनी आधी प्लेसमेंट सेलचा नियम वाचावा. काही कॉलेजांत एक ऑफर घेतली की पुढच्या कंपनीला बसताच येत नाही. ज्यांच्या नोटीसचे अख्खे नव्वद दिवस बाकी आहेत आणि डोक्यावर तलवार नाही, त्यांना मी तरी मुदतच मागायला सांगेन.

मुदतीतही एक पथ्य आहे: ती एकदाच मागायची. गुरुवारी पाच वाजले आणि खराडीचं लेखी काही आलं नाही, तर आणखी दोन दिवस मागू नका. हिंजवडीला होकाराचा मेल पाठवा, आणि त्यानंतर लगेच खराडीच्या रिक्रूटरला दोन ओळी: ‘मी दुसरीकडे होकार दिला आहे, माझी प्रक्रिया थांबवावी.’ सोमवारी त्यांचा ‘मंजुरी आली!’ असा फोन येण्याची शक्यता असते. म्हणूनच त्या दोन ओळी गुरुवारीच गेलेल्या बऱ्या.