इन्नोडीबी की मायरॉक्स? ट्रकवाल्यांच्या डेटावरून

महापेच्या आमच्या ऑफिसात उरणच्या बंदराकडे ये-जा करणाऱ्या ट्रकांचं जीपीएस सांभाळलं जातं. प्रत्येक गाडी दर १० सेकंदांनी ठावठिकाणा कळवते. वाचायला कोणी येतं ते डिझेलचा हिशेब जुळला नाही की. मायएसक्यूएल हा डेटाबेस सोडायचा नव्हता, म्हणून प्रश्न एवढाच उरला: डेटा डिस्कवर लिहिणारं त्याच्या आतलं इंजिन कुठलं, नेहमीचं इन्नोडीबी की मायरॉक्स?

वेगावर फार बोलत नाही. एक ओळ बदलली तरी इन्नोडीबी अख्खं १६ केबीचं पेज (अनेक ओळींचा ठोकळा) लिहितं, तेही डबलराइटमुळे, म्हणजे लिहिताना बिघडलं तर हाताशी प्रत असावी म्हणून, दोनदा. मायरॉक्स मेमरीत साठवून गठ्ठ्याने उतरवतं आणि मागाहून कम्पॅक्शन करत बसतं, म्हणजे लिहिलेल्या फाइली एकत्र करून जुनं-पुसलेलं गाळतं. फरक जाणवला, पण इन्नोडीबी अगदी मेटाकुटीला आलं होतं असंही नाही.

मला छळलं ते डिलीटने. एक मोठं गिऱ्हाईक सोडून गेलं, त्याच्या वर्षभराच्या नोंदी काढल्या, तरी डिस्क होती तेवढीच भरलेली. रिकामी झालेली जागा इन्नोडीबी नव्या नोंदींसाठी वापरतं, पण फाइल काही आकसत नाही. जागा सोडवायची ऑप्टिमाइझ टेबल ही कमांड चालवावी तर ते शेजारी नवं टेबल बांधतं; म्हणजे जागा करायलाच आधी जागा हवी! रात्री दोन वाजता हे उमगलं की माणूस इंजिन बदलायचा विचार करतोच. टेबलाचे तारखेनुसार तुकडे, म्हणजे पार्टिशन, पाडून जुनं ड्रॉप करा, असं सगळे सांगतात; सगळ्या गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायची मुदत एकच असेल तर ते उत्तमच. आमच्याकडे एकाला ९० दिवस पुरतात, दुसऱ्याला दोन वर्षं हवी असतात.

मायरॉक्समध्ये डिलीट म्हणजे आधी नुसती खूण. कम्पॅक्शन तिथवर पोचलं की जागा आपोआप सुटते. अर्थात तेही साधं नाही. पावसात नेटवर्क गेलं, परत आलं, आणि सगळ्या गाड्यांचा तुंबलेला डेटा एकदम आदळला, तेव्हा कम्पॅक्शन मागे पडलं आणि मायरॉक्सने काही मिनिटं लिहिणंच रोखून धरलं. नुकत्याच पुसलेल्या नोंदींच्या पट्ट्यातून ओळीने वाचत गेलं (स्कॅन) तर तेही रेंगाळतं. मायरॉक्समध्ये फॉरेन की (दोन टेबलांतल्या नोंदींचं नातं राखणारे नियम) नाहीत, म्हणून बिलिंग आजही इन्नोडीबीतच आहे. शिवाय ओरॅकलच्या मायएसक्यूएलबरोबर मायरॉक्स येत नाही. पर्कोना सर्व्हर किंवा मारियाडीबी या मायएसक्यूएलवरून निघालेल्या आवृत्त्यांपैकी एक घ्यावी लागते.

तुमचा डेटा फारसा पुसला जात नसेल तर इन्नोडीबी हलवू नका, असंच मी म्हणेन. आमच्याकडे मात्र डिस्कचा अलार्म गणपतीनंतर वाजलेला नाही.